पाचवी जमीन

पेरणाऱ्याचा दाखला आम्ही प्रथम ऐकला तो वडिलांच्या मांडीवर बसून. एक शेतकरी बी पेरावयास निघतो. काही दाणे वाटेवर पडतात, ते पाखरे टिपून नेतात. काही खडकाळ जागी पडतात, ते उगवताच उन्हाने करपतात. काही काटेरी झुडपांत पडून गुदमरतात. आणि उरलेले चांगल्या जमिनीत पडून तीसपट, साठपट, शंभरपट पीक देतात. मत्तय, मार्क आणि लूक या तिघांच्याही शुभवर्तमानांत ही गोष्ट आहे. आमचे बहुतेक वाचक ख्रिस्ती नसतील, तरीही ती त्यांना परकी वाटू नये. बी, भुई आणि मशागत यांची भाषा आपल्याकडील संतांच्याही तोंडी आहे, आणि गीतेच्या तेराव्या अध्यायात तर या शरीरालाच क्षेत्र म्हटले आहे. लहानपणी आम्हांला या दाखल्यात एकच अडचण वाटे. त्यात जमिनीचे चारच प्रकार सांगितले होते, आणि आमची जमीन त्या चारांत कोठेच बसत नव्हती. तिच्यावरून वाट गेलेली नव्हती, तिच्यात खडक नव्हता, काटेही नव्हते. काळसर, मऊ, हाताला लोण्यासारखी लागणारी चिकण माती होती ती. पण तिच्यात काही उगवत नसे. आम्ही वडिलांना याचे कारण विचारले, तेव्हा ते हसून म्हणाले, "अरे, प्रभू गालीलच्या सरोवराकाठी बसून बोलत होते. त्या सरोवराचे पाणी गोडे आहे."

वडील शाळामास्तर होते. मास्तरांच्या विनोदात पुष्कळदा उत्तर दडलेले असते, परंतु ते विद्यार्थ्याच्या लक्षात यावयास कधी कधी चाळीस-पंचेचाळीस वर्षे लागतात.

रेवदंडा आणि कोर्लई यांच्या मधून कुंडलिका नदी समुद्राला मिळते. तिच्या खाडीच्या आतल्या अंगाला वडिलांनी स्वस्तात चोवीस गुंठे जमीन घेतली होती. स्वस्तात मिळण्याचे कारण उघड होते. ती खारजमीन होती. अलिबाग आणि पेण तालुक्यांतील खारेपाटात ज्यांचे बालपण गेले त्यांना खारजमीन म्हणजे काय हे सांगणे न लगे, परंतु पुण्याकडील वाचकांसाठी दोन शब्द लिहितो. खाडीकाठच्या खाजणात भरतीचे पाणी दिवसातून दोनदा येते आणि जाते. त्या खाजणाभोवती मातीचा बांध घालून समुद्राला बाहेर ठेवावयाचे, आत पावसाचे पाणी खेळवून मातीतील मीठ वर्षानुवर्षे धुऊन काढावयाचे, आणि मग भात लावावयाचे, हा या किनाऱ्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग आहे. बांधाला एक दार ठेवलेले असते, त्यास उघाडी म्हणतात. उघाडीची झडप समुद्राच्या अंगाला, वरच्या बाजूने टांगलेली असते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या जोराने ती बाहेर उघडते; भरती आली की समुद्रच आपल्या हाताने ती लावून घेतो. आम्ही इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापक, यंत्रांविषयी आमचे अज्ञान अगाध आहे. तथापि इतके साधे आणि इतके शहाणे यंत्र आम्ही दुसरे पाहिलेले नाही.

या जमिनी कोणा एकाच्या बळावर उभ्या राहिलेल्या नाहीत. बांधाला एका जागी खेकड्याने भोक पाडले तरी भरतीचे पाणी साऱ्यांच्याच शेतात शिरते, म्हणून बांध राखणे हे सर्वांचे काम. या भागातील कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली १९३३ ते १९३९ असा चरीचा संप केला, तेव्हा शेते पडीक राहिली आणि माणसांनी उपासमार सोसली, पण माघार घेतली नाही. ज्यांच्या घामाने ही जमीन समुद्रातून वर आली त्यांनाच तिच्यावर हक्क नव्हता, हे त्या संपाचे मूळ होते. पुढे १९४८ साली मुंबई सरकारने खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदा केला. पनवेलच्या संशोधन केंद्राने खाऱ्या मातीत तग धरणारी भाताची वाणे काढली. परंतु त्याच्याही कितीतरी आधीपासून येथला शेतकरी काळा राता आणि भुरा राता ही तांबडी भाते याच खारात पिकवीत आला होता. असो. विषय बागेचा आहे.

वडील २०१६ साली वारले. चोवीस गुंठ्यांचे त्यांनी दोन सारखे भाग करून ठेवले होते, बारा आमच्या थोरल्या बंधूंना आणि बारा आम्हांला. बांध मात्र एकच, आणि उघाडीही एकच. ती दादाच्या हिश्श्यात आली. अखेरची पाच वर्षे वडील पनवेलला दादाकडे होते. आम्ही मुंबईहून दरमहा पैसे पाठवीत होतो आणि त्यातच आपले कर्तव्य झाले असे मानीत होतो. वडिलांच्या महिन्याच्या मिस्सेनंतर चार नातेवाईक जमले असता खर्चाचा विषय निघाला, आणि दादा सर्वांदेखत म्हणाला, "तू पुस्तके वाचलीस, बाबांची रात्र आम्ही जागलो." आम्ही काहीतरी उत्तर केले. ते येथे लिहिण्याजोगे नाही. त्या दिवसापासून सात वर्षे आम्हां दोघा भावांत बोलणे नव्हते.

बोलणे बंद झाले तसे बांधाकडे पाहणेही बंद झाले. प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहत राहिला. २०१९ च्या पावसाळ्यात उधाणाच्या भरतीने बांधाला भगदाड पडले आणि समुद्र आत येऊन बसला. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आमच्या बारा गुंठ्यांवर असे दहा सेंटिमीटर पाणी साचून जागीच आटले, तर मागे सुमारे सव्वाचार टन मीठ राहते. हा हिशोब आम्ही पुढे केला. तेव्हा तो सुचला असता तर पुष्कळ कष्ट वाचले असते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा आम्ही गावच्या घरी होतो, ते तेथेच अडकलो. सकाळी दूरस्थ व्याख्याने देऊन झाली की दिवसभर दुसरे काम नसे. जूनच्या ३ तारखेला निसर्ग चक्रीवादळ आले आणि एका दुपारीत या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या करून गेले. घराशेजारची जुनी वाडी डोळ्यांदेखत उघडी-बोडकी झाली, आणि त्या दुःखाच्या भरात आम्ही ठरविले की खाडीकडच्या जमिनीत बाग करावयाची. माणसे लावून बांधाचे भगदाड बुजविले. बुजविताना मनात समुद्राची अशी काही धास्ती बसली होती की, पाणी शिरावयास वाव म्हणून नको, असे म्हणून दादाच्या हिश्श्यातील उघाडीही दगड-माती घालून ठार बंद करून टाकली. दादाला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. एक काम चांगले झाले, असे त्या रात्री वाटले.

नवशिक्या माळ्याचा उत्साह हा एक प्रकारचा ज्वरच होय. आम्ही पुस्तके आणली, बियाणे आणले, शेणखताच्या गाड्या आणविल्या. मिरची, वांगी, घेवडा, झेंडू आणि (हे लिहिताना संकोच वाटतो) गुलाबही लावला. पाऊस असेतो सर्व हिरवे दिसले. दिवाळीनंतर पानांच्या कडा करपू लागल्या, जणू कोणी उदबत्तीने डागल्या आहेत. आम्हांला वाटले जमीन निकस आहे. अधिक खत घातले. पाने अधिक करपली. वाटले पाणी कमी पडते. अधिक पाणी घातले. माती ओली असूनही रोपे तहानलेली दिसत. माघ सरता सरता जमिनीला भेगा पडल्या आणि त्यांच्या कडांना पांढरी पूड दिसू लागली. आमच्या धाकट्या नातीने ती बोटावर घेऊन चाखली व जाहीर केले की आजोबांनी मीठ पिकवले आहे.

खाऱ्या मातीत पाणी असते, परंतु ते मुळांना पिता येत नाही. बाहेरचे क्षार ते सोडीत नाहीत, उलट मुळातलेच ओलावे ओढून घेतात. नदीकाठी तहानेने मरावे तसे ते रोप मरते. पुन्हा वरून रासायनिक खत टाकावे, तर तेही क्षारच, दुखण्यालाच खुराक. ज्या जमिनीत काही कमी आहे तिची गोष्ट निराळी आहे. तिला द्यावे आणि तिने घ्यावे. आमच्या जमिनीत कमी काहीच नव्हते. तिच्यात काहीतरी अधिक होते, आणि जोपर्यंत ते आत होते तोपर्यंत दिलेले सगळे वाया जात होते. लूकच्या शुभवर्तमानात अंजिराच्या वांझ झाडाचा एक दाखला आहे. धनी म्हणतो, झाड तोडून टाक. माळी आणखी एका वर्षाची मुदत मागतो, म्हणजे त्याला झाडाभोवती खणून खत घालता येईल. हा माळी आम्हांला फार प्रिय आहे. त्याचाच कित्ता आपण गिरवीत आहोत असे आम्ही समजत होतो. खूप दिवसांनी ध्यानात आले की त्याने आधी खणणे सांगितले होते आणि खत मागून. आम्ही पहिला शब्द वगळला होता.

आमच्या शेजारच्या शेतातले काका सत्तरीचे आहेत आणि त्यांचा सारा जन्म खारात गेला आहे. वर्षभर ते आमची ही धडपड बांधावर बसून पाहत होते. २०२१ च्या ज्येष्ठात, पाऊस तोंडावर आला असताना, ते बुजविलेल्या उघाडीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर, चोर येऊ नये म्हणून दार लावलंत ते बरं केलंत, पण घरातला धूर जायचा कुठनं?"

आम्ही विचारले, "काका, हे आपण गेल्या वर्षीच का नाही सांगितलेत?"

"तुम्ही विचारलंत कुठं?" काका म्हणाले. "शिकलेल्या माणसाला न विचारता सांगू नये."

या किनाऱ्यावर वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे आमच्या बारा गुंठ्यांवर आकाशातून चोवीस लाख लिटर गोडे पाणी फुकट येते. ते मातीत मुरते, मीठ विरघळवून घेते, आणि मग त्याला खाली आणि बाहेर जावयास वाट हवी असते. वाट नसेल तर ते तेथेच तुंबते, पुढे उन्हाने आटते, आणि विरघळलेले मीठ जेथल्या तेथे परत ठेवून जाते. आमच्या शेतात नेमके हेच झाले होते. पावसाने कसूर केली नव्हती. कसूर निचऱ्याची होती. बायबलच्या देशातही याचे ठळक उदाहरण आहे. यार्देन नदी गालीलच्या सरोवरात शिरते आणि पलीकडून बाहेर पडते, ते सरोवर मासळीने भरलेले. तीच नदी खाली मृतसमुद्राला मिळते, त्याला बाहेर वाट नाही, आणि त्यात मासा जगत नाही. हा दृष्टांत व्यासपीठांवरून इतक्यांदा सांगितला गेला आहे की तो ऐकताना आम्हांला जांभई येत असे. हातात फावडे असले म्हणजे जांभई येत नाही.

उघाडी मोकळी केली. शेतात उतार पाहून चर काढले. पहिल्या वर्षी भाजीचा हट्ट सोडून नुसता धैंचा पेरला आणि तो फुलावर येताच मातीत गाडला. पाऊस उघडल्यावर सारी जमीन पेंढ्याने आणि नारळाच्या सोडणांनी झाकून टाकली. याचे कारण काकांनी सांगितले ते असे, की मीठ एकदा धुतले म्हणजे गेले असे समजू नये. ते खाली दबा धरून असते. ऊन तापले आणि वरची माती सुकली की ओलाव्याबरोबर ते पुन्हा वर चढते. म्हणून पावसाळ्यात धुवावयाचे आणि उन्हाळ्यात झाकावयाचे. हे किती वर्षे, असे विचारता ते म्हणाले, "समुद्र बाजूला आहे तोवर."

येथे थोडे विषयांतर करतो. ख्रिस्ती प्रवचनांत आमच्या या देशाला आध्यात्मिक दृष्ट्या नापीक भूमी म्हणण्याची एक जुनी खोड आहे. आम्हांला ती कधीच पटली नाही. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला, आणि १६१६ मध्ये त्याचे ख्रिस्तपुराण छापले गेले, ते सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांचे! ज्या भूमीत परक्याच्या हातून असे पीक येते ती नापीक कशी? रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंग आणि कीर्तन सोडले नाही. १९१७ साली मिशनची चाकरी सोडून ते देवाच्या दरबाराच्या कामाला लागले, त्यातही येथल्या मातीवरचा विश्वासच होता. आणि फार लांब कशाला जावे? आम्ही रविवारी मिस्सेला पूल ओलांडून कोर्लईला जातो, डोंगराच्या पायथ्याच्या माउंट कार्मेलच्या देवळात. चौल आणि कोर्लई १७४० साली पोर्तुगीजांच्या हातून मराठ्यांकडे गेली. तोफा गेल्या, सरदार गेले. मागे उरली ती गोरगरीब माणसे. त्यांच्या पाठीशी ना सत्ता ना संपत्ती. तरी आज पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ त्यांनी आपला धर्म राखला आहे, आणि हजाराच्या आसपास माणसांच्या तोंडी एक निराळीच पोर्तुगीज बोली राखली आहे, जिच्यात मराठी इतकी मुरली आहे की लिस्बनच्या माणसाने कपाळाला हात लावावा. त्या बाकांवर त्यांच्या शेजारी बसले म्हणजे आमच्या मनात येते की, जे काढून घेतले गेले त्याने ही मंडळी दुबळी झाली नाहीत.

तर त्या देवळात २०२३ च्या फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी मत्तयच्या पाचव्या अध्यायातले वाचन होते, ज्यात प्रभू शिष्यांना पृथ्वीचे मीठ म्हणतात. खारेपाटातल्या माणसाने या वचनाचे काय करावे, हे आम्हांला कधी उमगले नव्हते. मीठ हे अन्न टिकविणारे खरे. पण अबीमलेखाने शखेम नगर पाडून त्यावर मीठ पेरले ते ती जागा ओसाड व्हावी म्हणून. उलट अलीशा संदेष्ट्याने यरीहोचे नासलेले पाणी मीठ टाकूनच बरे केले. आमच्याकडेही नारळाच्या आळ्यात मुद्दाम मीठ घालतात आणि माड त्याने सुखावतो. तेच मीठ मिरचीच्या वाफ्यात गेले तर संध्याकाळी रोप मान टाकते. मीठ ते एकच, फरक आहे तो ते किती आणि कोठे याचा. आमच्यातला स्वाभिमान, ज्यावर आम्ही शिक्षण केले, ज्याच्या जोरावर मास्तराच्या मुलाने मुंबईत अध्यापकाची जागा मिळविली, तोही असाच एक क्षार. तो नसता तर आमचे काही टिकले नसते. पण बांध फोडून तो सगळ्या शेतात पसरला होता, हे आम्ही सात वर्षे पाहण्याचे टाळले होते.

पुढच्या रविवारी त्याच अध्यायातले पुढचे वाचन आले. मिठाच्या वचनापासून दहाच वचने पुढे प्रभू म्हणतात ते असे: वेदीपाशी अर्पण आणलेस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेव आणि आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. हे आम्ही शंभरदा ऐकले असेल. दरवेळी आम्ही असे समजत आलो की भाव महत्त्वाचा आहे, आणि तो आमच्यापाशी आहे. आम्ही दादाला मनातल्या मनात केव्हाच क्षमा केलेली आहे. त्या रविवारी प्रथम लक्षात आले की या वचनात आपण त्याला क्षमा करावयाची असे नाहीच. त्याच्या मनात आपल्याविषयी काय आहे, हा प्रश्न आहे. आमची प्रार्थना, आमचे उपवास, आमचे वाचन हे सारे वरून पडणारे पाणी होते आणि ते खरोखर गोडे होते. पण उघाडी दादाच्या हिश्श्यात होती, आणि ती आम्ही दगड घालून बुजविली होती. ही उपमा म्हणून म्हणत नाही. ती खरोखरच त्याच्या हिश्श्यात होती, आणि आम्ही खरोखरच त्याला न विचारता ती बुजविली होती.

त्या वर्षीच्या उपवासकाळात दादाला पत्र लिहावयास बसलो. चार मसुदे फाडले. पहिल्यात आमची बाजू फार होती, दुसऱ्यात पश्चात्ताप फार होता, तिसरे पत्र नसून निबंध होता. चौथ्यात आम्हांला आढळले की क्षमा मागताना आपण वडिलांच्या खर्चाचा आकडा पुन्हा एकदा नोंदविला आहे. पाऊस उघडला की मीठ वर येते म्हणतात ते हेच. आणखी एक अडचण होती. वाचकांनी पाहिलेच असेल की लेखणी हाती घेतली म्हणजे आम्ही 'आम्ही' होतो. ही आमच्या पिढीतल्या मास्तरांची सवय आहे आणि तिच्यात एक सोय आहे. 'आम्ही चुकलो' असे लिहिले म्हणजे चूक थोडी वाटली जाते. पण सख्ख्या भावाला 'आम्ही' लिहिले असते तर तो पत्र वाचून हसला असता. प्रभूची प्रार्थना अनेकवचनी आहे, मिस्सेच्या आरंभीची पापाची कबुली मात्र एकवचनी आहे, हा भेद आम्ही व्याकरणाचा समजत आलो होतो. अखेर पोस्टकार्ड घेतले आणि लिहिले: दादा, तुझ्या हिश्श्यातली उघाडी मी तुला न विचारता बुजवली होती. चूक झाली. आता ती मोकळी केली आहे. बाबांची रात्र तू जागलास, ते खरे आहे. इतकेच.

उत्तर आले नाही. पुनरुत्थानाचा सण गेला, चैत्र गेला. दोन पावसाळे धुतलेल्या जमिनीत त्या हिवाळ्यात वाल आला होता, माठ आणि बीट आले होते, मिरची मेली. निसर्गाच्या वादळात गेलेल्या माडांच्या जागी लावलेली पाच रोपे आपापल्या आळ्यात उभी होती. आम्ही मनाला बजावीत होतो की मार्कच्या शुभवर्तमानात बी टाकून झोपी जाणारा एक शेतकरी आहे, ज्याला बी कसे वाढते ते कळत नाही. आपणही तसेच झोपावे. बजावीत होतो, झोप येत नव्हती. पोस्टकार्ड पोचले नसेल, पोचले असेल तर वाचले नसेल, वाचले असेल तर वहिनींनी ठेवून दिले असेल, असे तर्क चालले होते. पुन्हा लिहावे असेही मनात आले. काकांना विचारले असते तर ते म्हणाले असते, पेरलेले उकरून पाहू नये. म्हणून विचारले नाही.

वैशाखातल्या एका शनिवारी सकाळी आम्ही वाफ्यांवरचा पेंढा सारखा करीत असताना बांधावरून कोणी चालत येताना दिसले. चाल ओळखीची होती. उतारवयात दादा अगदी वडिलांसारखा चालू लागला आहे, हे आम्हांला ठाऊक नव्हते. तो आमच्याकडे आला नाही. सरळ आपल्या हिश्श्यात गेला, उघाडीपाशी वाकला, नवी बसविलेली झडप हाताने उचलून पाहिली, सोडून दिली, पुन्हा उचलली. ओहोटी होती. आम्ही जवळ जाऊन उभे राहिलो. केस पुष्कळ पांढरे झाले होते. वर न पाहता तो म्हणाला, "झडप फार जड केलीस तू. थोड्या पाण्याला उघडायची नाही."

"मला कळले नाही," आम्ही म्हणालो.

"कळले नसणारच." त्याने चपला काढून बांधावर ठेवल्या, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरला. "वाल पाहिला येताना. बरा आलाय. पहार आहे का घरात? बाबांची होती एक."

ती होती. आम्ही आणावयास गेलो.